विश्लेषण : बोटीच्या बुडाला चिकटणाऱ्या जिवावर डार्विन यांनी आठ वर्षे का घालवली?

पावसाळी मासेमारीबंदी लागली की नवी मुंबईतील बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात होड्या किनाऱ्याला लागतात. डागडुजी आणि रंगकाम सुरू होण्याआधी एक कष्टाचे काम असते. बुडाला चिकटलेली पांढरट, खरखरीत कवचे खरवडून काढावी लागतात. या जिवाला बार्नेकल म्हणतात. मुंबई बंदर आणि त्याला जोडलेल्या खाड्यांमध्ये त्याची जी जात सर्रास आढळते, तिचे शास्त्रीय नाव अँफिबॅलेनस अँफिट्राइट. १८५४ मध्ये या जातीचे सविस्तर वर्णन करून तिला अँफिट्राइट हे नाव देणारे शास्त्रज्ञ म्हणजे चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या या शास्त्रज्ञाने आयुष्यातील आठ वर्षे बार्नेकलसाठी दिली होती. जहाजांबरोबर आलेल्या परक्या सागरी जिवांचा प्रश्न आज जगभरातील बंदरांना भेडसावत आहे. त्या प्रश्नाच्या संदर्भात डार्विन यांच्या या कामाचे महत्त्व काय, याविषयी…

बार्नेकल म्हणजे नेमके काय?

कवच पाहून हा शिंपल्याचा भाऊबंद वाटतो. प्रत्यक्षात तो कोळंबी आणि चिंबोरीच्या कुळातला, म्हणजे कवचधारी संधिपाद प्राणी आहे. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पाण्यात मुक्तपणे तरंगते. अनेकदा कात टाकल्यावर ते अशा अवस्थेत पोहोचते की खाणे थांबवून फक्त जागा शोधते. खडक, खांब, खारफुटीचे खोड किंवा होडीचे बूड, जे सापडेल तिथे ते डोक्याच्या बाजूने स्वतःला चिकटवून घेते आणि भोवती चुन्याचे कवच बांधते. त्यानंतर आयुष्यभर ते जागचे हलत नाही. कवचाच्या तोंडातून पाय बाहेर काढून पाण्यातले अन्नकण ओढणे एवढेच त्याचे काम उरते. आपल्या जातीचे जीव आधीच बसलेले असतील, ती जागा पिल्लू पसंत करते. म्हणून एकदा सुरुवात झाली की थरावर थर चढतो. बूड खडबडीत झाल्याने पाण्याचा विरोध वाढतो, होडीचा वेग कमी होतो आणि डिझेल जास्त जळते. स्वतः न हलणारा हा जीव जहाजाला चिकटून मात्र हजारो मैल जाऊ शकतो.

डार्विन समुद्री जिवांकडे कसे वळले?

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वडील नामांकित डॉक्टर होते. आई गेली तेव्हा चार्ल्स आठ वर्षांचे होते. वडिलांच्या इच्छेनुसार १८२५ मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी एडिंबराला गेले. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळातील शस्त्रक्रिया त्यांना पाहवल्या नाहीत आणि अभ्यासातून मन उडाले. तिथेच रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञाशी ओळख झाली. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन स्पंज, शैवालासारखे दिसणारे प्राणी आणि अळ्या गोळा करण्याची सवय ग्रँट यांच्यामुळे लागली.

याच काळात डार्विन यांनी एडिंबराजवळच्या न्यूहेवन बंदरातील मच्छीमारांशी मैत्री केली. कालवे काढायला निघालेल्या त्यांच्या होड्यांतून ते जात आणि जाळ्यात आलेले, मच्छीमारांच्या दृष्टीने टाकाऊ असलेले जीव घेऊन परतत. मार्च १८२७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, विद्यार्थ्यांच्या विज्ञान मंडळात त्यांनी सागरी प्राण्यांच्या अळ्यांविषयीचे आपले पहिले निरीक्षण मांडले. वैद्यकीय शिक्षण मात्र अर्धवट राहिले. वडिलांनी त्यांना धर्मोपदेशक होण्यासाठी केंब्रिजला पाठवले. तिथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हेन्स्लो यांनी या तरुणातील निरीक्षक हेरला आणि त्यांच्याच शिफारशीने ‘बीगल’ जहाजावर जाण्याची संधी चालून आली.

‘बीगल’च्या प्रवासात काय घडले?

२७ डिसेंबर १८३१ रोजी निघालेले ‘बीगल’ २ ऑक्टोबर १८३६ रोजी इंग्लंडला परतले. डार्विन यांना बोट लागायची, तरीही त्यांनी सुरुवातीच्याच आठवड्यांत कापडाची पिशवी जहाजामागे ओढून पाण्यातले सूक्ष्म जीव गोळा केले. एप्रिल १८३४ मध्ये पॅटागोनियातील सांता क्रूझ नदीच्या मुखाशी कप्तान फिट्झरॉय यांनी जहाज किनाऱ्यावर घेतले, कारण बुडाला मार बसून तांब्याचा पत्रा निघाला होता. लाकूड पोखरणारे किडे आणि चिकटणारे जीव दूर ठेवण्यासाठी त्या काळी जहाजांना तांब्याचे अस्तर लावत. तांबे पाण्यात हळूहळू विरघळते आणि त्याचा अंश अळ्यांना विषारी ठरतो, हे त्यामागचे तत्त्व. आजच्या जहाजांच्या रंगातही अनेकदा तांब्याचेच संयुग असते.

परक्या जिवांचा प्रसारही डार्विन यांनी याच प्रवासात पाहिला. ला प्लाटा नदीच्या प्रदेशात युरोपातून आलेल्या एका काटेरी झुडपाने शेकडो चौरस मैल जमीन व्यापली होती आणि तिथे दुसरे काही उगवत नव्हते. माणसाने नेलेली एखादी जात नव्या जागी मूळ रहिवाशांना हटवू शकते, ही नोंद त्यांनी प्रवासवर्णनात केली.

जानेवारी १८३५ मध्ये चिलीच्या दक्षिणेकडील चोनोस बेटांवर त्यांना एक मोठा शिंपला सापडला. त्याच्या कवचाला टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोके होती आणि प्रत्येक भोकात एक सूक्ष्म प्राणी बसलेला होता. तो बार्नेकलसारखा होता, पण त्याला स्वतःचे कवचच नव्हते. तो नमुना बाटलीत घालून इंग्लंडला आला आणि पुढे दहा वर्षे तसाच पडून राहिला.

एका नमुन्याचे काम आठ वर्षे कसे लांबले?

परतल्यानंतर डार्विन यांचे नाव झाले. १८३९ मध्ये त्यांनी मामेबहीण एमा वेजवूड यांच्याशी लग्न केले आणि १८४२ मध्ये दोघे लंडनजवळच्या डाउन गावी राहायला गेले. त्याच वर्षी त्यांनी उत्क्रांतीच्या सिद्धांताचा पेन्सिलने लिहिलेला छोटा आराखडा तयार केला. १८४४ मध्ये तो वाढवून सुमारे २३० पानांचा झाला. आपला मृत्यू झाल्यास तो प्रसिद्ध करावा आणि त्यासाठी ४०० पौंड खर्चावेत, असे पत्र त्यांनी पत्नीच्या नावे लिहून ठेवले.

प्रसिद्धी मात्र त्यांनी टाळली. त्याच वर्षी उत्क्रांतीवर एका निनावी लेखकाचे पुस्तक आले होते. ते खपले खूप, पण शास्त्रज्ञांनी त्यातील चुकांवर बोट ठेवून त्याची चिरफाड केली. दुसरीकडे वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हुकर यांनी एका फ्रेंच लेखकाविषयी लिहिताना मत दिले की, ज्याने अनेक जाती स्वतः बारकाईने तपासलेल्या नाहीत, त्याला जातींच्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार नाही. डार्विन यांनी हे मत स्वतःला लावून घेतले. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून त्यांना मान होता, पण एखाद्या प्राणिगटाचे पद्धतशीर वर्गीकरण त्यांनी कधी केले नव्हते.

१ ऑक्टोबर १८४६ रोजी त्यांनी चोनोसचा तो नमुना बाहेर काढला. काही महिन्यांत त्यावर एखादा लेख लिहून मोकळे व्हावे, असा विचार होता. पण तुलनेसाठी इतर बार्नेकल पाहू लागताच या गटाच्या वर्गीकरणातला गोंधळ त्यांच्या लक्षात आला. १८३० पर्यंत बार्नेकल शिंपल्यांच्या वर्गात मोडत होते. जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी डॉक्टरने अळ्यांच्या निरीक्षणावरून ते कोळंबीच्या कुळातले असल्याचे दाखवून दिले होते. मात्र त्या नव्या दृष्टीने सगळ्या जातींची मांडणी कोणी केली नव्हती. ब्रिटिश म्युझियमने आपला संग्रह डार्विन यांना घरी नेऊ दिला. जगभरातील संग्राहकांकडून पेट्या येऊ लागल्या. एका नमुन्याचा अभ्यास अशा तऱ्हेने त्या वेळी ज्ञात असलेल्या सगळ्या बार्नेकलच्या अभ्यासात बदलला.

त्या वर्षांत घरी काय सुरू होते?

डाउन येथील अभ्यासिकेत रोज सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन चाले. मुलांना ते इतके सवयीचे झाले होते की, शेजारचे गृहस्थ आपले बार्नेकल कुठे तपासतात, असे त्यांच्यापैकी एकाने विचारल्याची आठवण कुटुंबात सांगितली जाई. पण ही वर्षे सुखाची नव्हती. उलट्या, अशक्तपणा आणि चक्कर यांनी डार्विन हैराण होते. आठांपैकी सुमारे दोन वर्षे आजारपणात गेल्याचा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला आहे. नोव्हेंबर १८४८ मध्ये वडील वारले. १८४९ मध्ये ते जलोपचारासाठी मालव्हर्न येथे सहकुटुंब राहिले.

दोन वर्षांनी त्याच गावी त्यांची लाडकी मुलगी अ‍ॅनी हिला उपचारासाठी नेले. २३ एप्रिल १८५१ रोजी, दहा वर्षांची असताना, तिचा मृत्यू झाला. एमा तेव्हा गरोदर असल्याने डाउनलाच होत्या आणि अ‍ॅनीच्या उशाशी डार्विन होते. हा आघात त्यांनी कधी विसरला नाही. त्याच वर्षी बार्नेकलवरील ग्रंथाचे पहिले खंड प्रसिद्ध झाले. काम सुरू करताना असलेला उत्साह शेवटच्या वर्षांत उरला नव्हता आणि या जिवांचा आपल्याला वीट आल्याचे ते मित्रांना कळवत. तरीही काम त्यांनी अर्ध्यावर सोडले नाही.

या कामातून हाती काय लागले?

१८५१ ते १८५४ या काळात जिवंत जातींवर दोन आणि जीवाश्मांवर दोन खंड तयार झाले. जिवंत जातींचेच दोन खंड मिळून हजारांहून अधिक पाने भरतात. १८५३ मध्ये रॉयल सोसायटीने डार्विन यांना रॉयल मेडल दिले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

बहुतेक बार्नेकलच्या एकाच शरीरात नर आणि मादी दोन्ही असतात. डार्विन यांना मात्र काही जातींत मोठ्या जिवाला चिकटून राहणारे अतिसूक्ष्म नर सापडले. एकाच शरीरातील दोन लिंगे हळूहळू वेगळी होत असल्याच्या मधल्या पायऱ्याच जणू समोर होत्या. एकाच जातीतील जिवांमध्ये किती फरक असतात, हेही त्यांना रोज दिसत होते. ही जात आहे की उपजात, हे ठरवताना त्यांची दमछाक झाली आणि हाच अनुभव पुढे सिद्धांताचा आधार बनला.

बार्नेकल चिकटतो कसा, याचाही त्यांनी शोध घेतला. तिथे त्यांची चूक झाली. चिकटवणारा पदार्थ तयार करणाऱ्या ग्रंथी अंडाशयाशी जोडलेल्या असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोन यांनी १८५९ मध्ये तो खोडून काढला आणि डार्विन यांनी चूक मान्य केली.

आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची नोंद जातींच्या भौगोलिक विस्ताराविषयी आहे. कोणती जात कुठल्या किनाऱ्यावर सापडते, हे त्यांनी प्रत्येक जातीपुढे लिहिले. काही मोजक्या जाती जगभर पसरलेल्या होत्या आणि नेमक्या त्याच जहाजांच्या बुडावर नेहमी सापडत होत्या. त्यांचा विस्तार जहाजांमुळे झाला असावा, ही शक्यता त्यांनी नोंदवली. त्यात अँफिट्राइटही होती.

उत्क्रांतीच्या सिद्धांताला त्याचा काय उपयोग झाला?

सप्टेंबर १८५४ मध्ये बार्नेकलचे काम हातावेगळे करताच डार्विन यांनी जातींवरील टिपणे बाहेर काढली. आता जीव एका जागेहून दुसरीकडे कसे पोहोचतात, हा प्रश्न त्यांना सतावत होता. घरी खाऱ्या पाण्यात बिया भिजत ठेवून त्यांनी प्रयोग केले. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही रुजल्या.

जून १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे टिपण टपालाने आले. त्यात जवळपास तोच सिद्धांत होता. त्याच दिवसांत डार्विन यांचा दीड वर्षांचा मुलगा तापाने दगावला. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचण्यात आले, तेव्हा डार्विन हजर नव्हते. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले. युरोपातून गेलेल्या जाती न्यूझीलंडमध्ये स्थानिक जातींची जागा घेत असल्याचा दाखला त्यात आहे. टीका झाली, वाद पेटला, पण लेखकाला जाती ओळखता येत नाहीत, असे कोणालाही म्हणता आले नाही.

जीव प्रवास कसा करतात, हा विषय त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. ६ एप्रिल १८८२ रोजी ‘नेचर’मध्ये आलेला त्यांचा छोटा लेख एका पाणभुंग्याच्या पायाला चिकटलेल्या इवल्याशा शिंपल्याविषयी होता. गोड्या पाण्यातले शिंपले एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात असे पोहोचतात, हे त्यांना दाखवायचे होते. त्यानंतर १३ दिवसांनी, १९ एप्रिल १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये त्यांचे दफन झाले.

डार्विन यांनी नाव दिलेला जीव इंग्लंडमध्ये कसा घुसला?

१८५४ च्या खंडात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरील एल्मिनियस मॉडेस्टस या छोट्या बार्नेकलचे वर्णन आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाच जीव जहाजांबरोबर इंग्लंडला पोहोचला. १९४० च्या दशकाच्या मध्यावर तो दक्षिण किनाऱ्यावरील चिचेस्टर बंदरात आढळला आणि पुढे ब्रिटन व पश्चिम युरोपच्या किनाऱ्यांवर पसरला. स्थानिक बार्नेकलच्या जागा त्याने बळकावल्या आणि कालवांच्या शेतीत नव्या कालवांना बसायला जागा उरेना.

तो परका आहे, हे संशोधकांना ओळखता आले, कारण त्याचे मूळ घर कोणते, हे ९० वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते. उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरील बॅलेनस ग्लँड्युला या जातीला नाव डार्विन यांचेच. तीही पुढे अर्जेंटिना, जपान आणि दक्षिण आफ्रिकेत पोहोचली. अँफिट्राइटची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. ती हिंद आणि प्रशांत महासागराच्या पट्ट्यातली मानली जाते. पण डार्विन यांनी नाव देण्याआधी तीनेकशे वर्षे जहाजे जगभर फिरत होती. त्यामुळे काही बंदरांत ती मूळची की पाहुणी, हे आज डीएनए तपासूनही ठामपणे सांगणे अवघड जाते. डार्विन यांनी तिच्या उपजाती म्हणून नोंदवलेले काही प्रकार पुढे स्वतंत्र जाती ठरले.

मुंबई बंदरात काय घडले?

मुंबईतील ठळक उदाहरण शिंपल्याचे आहे. मायटिलॉप्सिस सालेई हा मूळचा मेक्सिकोचे आखात आणि कॅरिबियन परिसरातला छोटा, काळपट शिंपला. भारतात तो १९६० च्या दशकात विशाखापट्टणम बंदरात आढळला. १९७५ मध्ये ए. ए. करंदे आणि के. बी. मेनन या संशोधकांनी भारतीय बंदरांतील नवा पाहुणा म्हणून त्याची नोंद केली. पुढे मुंबईच्या गोद्यांमध्ये तो स्थिरावला. खारटपणातील चढउतार तो सहज सोसतो, झपाट्याने वाढतो आणि खांब, साखळ्या, पाइप यांवर जाड थर करून बसतो.

हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका शहराच्या होडी-तळांत सापडला. ते शहर म्हणजे डार्विन. १८३९ मध्ये ‘बीगल’वरील अधिकाऱ्यांनीच त्या बंदराला आपल्या जुन्या सहप्रवाशाचे नाव दिले होते. तिथे सहा महिन्यांपूर्वीच झालेल्या पाहणीत हा शिंपला आढळला नव्हता. त्यामुळे तो नुकताच आला आहे, हे लगेच कळले. तळांना पाण्याचे दरवाजे होते. ते बंद करून क्लोरीन आणि मोरचूद सोडण्यात आले, तिथून गेलेल्या बोटी शोधून तपासण्यात आल्या आणि काही आठवड्यांत शिंपला संपवण्यात यश आले. त्याबरोबर तळांतील इतर जीवही मेले, पण लागण बंदरभर पसरली नाही. मुंबईत असा उपाय अशक्य आहे. इथला शिंपला काही दशके जुना आहे आणि खाड्या बंद करता येत नाहीत.

जहाजे तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत जे समुद्राचे पाणी भरतात, त्यातूनही अळ्या प्रवास करतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००० ते २००४ या काळात या पाण्यावर जो कार्यक्रम राबवला, त्यात जगातील सहा ठिकाणांपैकी एक मुंबई होते. त्याअंतर्गत गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील जिवांची पायाभूत पाहणी केली. तोलाच्या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला.

दिवाळे गावासाठी हा प्रश्न का महत्त्वाचा?

दिवाळे पनवेल खाडीच्या काठी आहे आणि ही खाडी ज्या पाण्याला मिळते, तिथेच मुंबईच्या गोद्या आणि १९८९ पासून सुरू असलेले न्हावा-शेवा येथील बंदर आहे. जहाजावरून आलेल्या अळीसाठी खाडीचे तोंड बंद नसते. होड्या, धक्क्याचे खांब, जाळी बांधायचे खुंट या सगळ्या तिच्यासाठी बसायच्या जागा आहेत. त्याहून मोठी चिंता खाडीतल्या कालवांची आणि शिंपल्यांची आहे. ओहोटीला ती काढून विकणे हा खाडीकाठच्या महिलांचा जुना व्यवसाय. केरळच्या कायलांमध्ये अमेरिकेतून आलेला मायटेला स्ट्रिगाटा हा शिंपला गेल्या दशकाच्या अखेरीस दाट पसरला आणि स्थानिक शिंपल्यांच्या जागा त्याने घेतल्या.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो, हा जीव इथे आधी होता का? त्याचे उत्तर जुन्या नोंदींतूनच मिळते. ऑस्ट्रेलियात सहा महिन्यांपूर्वीची पाहणी हाताशी होती, इंग्लंडमध्ये ९० वर्षांपूर्वीचा ग्रंथ होता. अशा पाहण्या गोद्या आणि मोठ्या बंदरांपुरत्या न ठेवता खाड्यांपर्यंत आणणे आणि त्या ठरावीक काळाने पुन्हा करणे आवश्यक आहे. त्यात खाडीत रोज उतरणाऱ्यांची नजर उपयोगी पडते. जाळ्यात किंवा खुंटावर एखादा नवा शिंपला दिसला, तर तो सर्वांत आधी कोळ्यालाच दिसणार. न्यूहेवनच्या मच्छीमारांच्या जाळ्यातले टाकाऊ जीव निरखूनच डार्विन यांनी सुरुवात केली होती.